मुलांचे क्लास, स्पर्धा आणि घर: काय ठेवायचं, काय सोडायचं? (सांगली-मिरज)

विश्रामबागची_आई | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय. इथे सांगली-मिरजेतले खूप पालक आहेत, म्हणून धागा काढतेय.

मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. मुलीचं भरतनाट्यम, बुद्धिबळ आणि अबॅकस. ऊन वाढलं की पोहणं. मुलाचं स्केटिंग आणि क्रिकेट. यातलं काहीही शेजारच्यांचं बघून लावलेलं नाही. मुलीला नाच मनापासून आवडतो, आणि बुद्धिबळात ती समोरच्याची चाल बघून जशी गप्प होते ते मला बघायला फार आवडतं. यजमान कुपवाड एमआयडीसीत पाळीने कामाला. मी साडेपाचला सुटते, त्यामुळे संध्याकाळची ने-आण माझ्याकडे. शंभर फुटी रोड, तिथून कॉलेज कॉर्नर, परत विश्रामबाग. गाडीच्या हुकाला एका पिशवीत नाचाचे चाळ (घुंगरू) आणि दुसरीत बुद्धिबळाचं घड्याळ.

खरी काळजी धाकट्याची वाटते. ताईचा नाच चालू असतो तेव्हा तो क्लासच्या जिन्यात असतो. खाली चपलांचा ढीग, वर 'तैया तै' चाललेलं, आणि हा वरच्या पायरीवर वही ठेवून, खालच्या पायरीवर बसून गणितं सोडवतो. कुणी वर-खाली गेलं की वही उचलायची, बाजूला सरायचं, परत मांडायची. त्याचा स्वतःचा क्लास नसतो त्या दिवशीही त्याची संध्याकाळ क्लासातच जाते. जेवायला साडेनऊ होतात. यजमानांची दुसरी पाळी असली की आठवडाभर मुलं त्यांना झोपलेलीच दिसतात.

आता सुट्टीचा प्रश्न आलाय. सासर तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग आहे. परीक्षा संपते तेव्हाही बेदाण्याचं काम चालूच असतं आणि सुट्टीत मुलं तिकडेच असायची. परवा सासूबाईंनी फोनवर विचारलं, "पोरं कधी यायची?" त्याच आठवड्यात बुद्धिबळाच्या सरांनी शिबिराच्या तारखा दिल्या, नाचाच्या ताईंनी कार्यक्रमाच्या तालमी लावल्या, स्केटिंगचीही स्पर्धा आली. सगळं धरलं तर गावाला जेमतेम दोन-चार दिवस उरतात.

तुम्ही हे कसं ठरवता? मुलांना विचारून, की आपणच? आणि घरातल्या मोठ्यांना यात कितपत धरता?

माईघाट | सोमवार, रात्री ११:२०

वाचतेय. आमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच.

खोखो_मैदान | मंगळवार, सकाळी ७:१०

मी क्रीडाशिक्षक आहे, जिल्ह्यातल्याच एका शाळेत. मुलाच्या स्केटिंग-क्रिकेटबद्दल बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. पालकांना वाटतं, क्रिकेटला घातलं म्हणजे ते झालं. एकदा नेटच्या कडेला उभं राहून नीट बघा. एक पट्टा, वीस मुलं. तासाभरात एका पोराच्या हातात बॅट किती वेळ असते? पाचेक मिनिटं. उरलेला वेळ रांगेत, नाहीतर चेंडू आणायला. तेच पोर अपार्टमेंटखाली लगोरी किंवा शिवणापाणी खेळलं तर तासभर पळत असतं, आणि खेळाचे नियमही स्वतः भांडून ठरवतं. तिसरीतल्या मुलाला क्रिकेटचा क्लास हवाच असं नाही. त्याला मैदान हवं, सोबत खेळायला चार पोरं हवीत.

आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. स्मृती मानधना माधवनगरला वाढली. भाऊ खेळायचा, त्याचं बघून ही खेळायला लागली. वडील स्वतः जिल्ह्याकडून खेळलेले. ९ व्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात होती आणि ११ व्या वर्षी १९ वर्षांखालच्या. २०२५ चा विश्वचषक जिंकल्यापासून मुलींना क्रिकेटला घालण्यासाठी माझ्याकडे विचारणा वाढली आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण हे पालक नऊ आणि अकरा हे आकडे लक्षात ठेवतात आणि बाकीचं सोडून देतात. त्या घरात वडील, भाऊ, बहीण एकाच खेळात होते आणि आई त्यांचं खाणंपिणं, कपडे सांभाळत होती. एका मैदानावर सगळं घर गोळा व्हायचं. तुमच्या घरात चार क्लास चार माणसांना चार दिशांना नेतात. मुलीचा क्लास आणि मुलाचा क्लास असं सुटं सुटं बघू नका. कुठल्या गोष्टीला घर एकत्र येतं ते आधी बघा.

अजिंक्यतारा_४१५ | मंगळवार, सकाळी ९:३०

साताऱ्याहून लिहितोय. वरच्या सरांशी बराचसा सहमत, पण दुसरी बाजूही मांडतो. सगळं जपून, बेताबेतानं केलं तर कुणी मोठं होत नाही.

आमच्या जिल्ह्यातली आदिती स्वामी बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियन झाली, कंपाउंड (कप्पी लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात, वय १७. घर शेरेवाडीचं, वडील शिक्षक. मुलीच्या सरावासाठी त्यांनी गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केलं, धनुष्यासाठी कर्ज काढलं. तिथे 'घराचा समतोल' बघत बसले असते तर? काही वेळा घराला एका मुलाच्या मागे उभं राहावं लागतं, आणि त्यात घर मोडत नाही, उलट घट्ट होतं.

खोखो_मैदान | मंगळवार, दुपारी १:०५

@अजिंक्यतारा, तुमच्या उदाहरणात मला माझाच मुद्दा दिसतो. त्या मुलीला वडिलांनी मैदानावर नेऊन खेळ दाखवले आणि तिने त्यातला एक निवडला. मग घर त्या एकामागे गेलं. पाच ठिकाणी फी भरून 'बघू कुठे चमकते' असं त्यांनी केलेलं नाही. एका गोष्टीसाठी गाव सोडणं आणि पाच गोष्टींसाठी रोज सिग्नलवर उभं राहणं यात फार फरक आहे.

अजिंक्यतारा_४१५ | मंगळवार, दुपारी १:४०

हे पटलं. पण निवड होईपर्यंत तरी चार गोष्टी दाखवायला लागतीलच ना? आठ वर्षांच्या मुलाला कळणार कसं?

खोखो_मैदान | मंगळवार, दुपारी २:१५

दाखवा की. एका वेळी एक. पावसाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरं. बारा-तेरा वर्षांपर्यंत वेगवेगळे खेळ खेळलेलं चांगलंच असतं, एकाच खेळात लहानपणी जुंपलेल्या मुलांचे खांदे-गुडघे लवकर दुखायला लागतात. फक्त सगळं एकाच आठवड्यात कोंबू नका.

पलूसकर_पैलवान | मंगळवार, रात्री ८:४५

मी खेड्यातला माणूस, आमच्याकडं क्लासबिस काय न्हाई. पोरगं पहाटे तालमीत जातंय, संध्याकाळी शाळेच्या पटांगणात कबड्डी. कुंडलच्या मैदानाला आमचं सगळं घर जातं, म्हातारीपासून. पण एक सांगतो, शहरातल्या ताईंना वाटतंय की गावाकडं पोरं निवांत असत्यात. तसं न्हाई आता. आठवीपासनं पोलीस भरतीचं डोक्यात घेतलंय पोरांनी, आईबापांनी पण. खेळात जिल्ह्याला गेलं का सर्टिफिकेट, सर्टिफिकेट मिळालं का कोटा. खेळ मागंच राहिला. माझ्या पोराला मी सांगितलंय, पहिली दोन वर्षं नुसती माती अंगाला लागू दे, कागदाचं नंतर बघू. घरातनं विरोध झाला. चुलता म्हणतो, येळ वाया चाललाय. तरी मी ऐकलं न्हाई.

बालरोग_मिरज | मंगळवार, रात्री १०:१०

मिरजेत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. या वयाच्या मुलांच्या आया पोटदुखीची तक्रार घेऊन येतात. तपासलं तर पोट ठीक असतं. मी विचारते, कधी दुखतं? आणि उत्तरात एक ठरावीक वार निघतो.

क्लास चार असावेत की दोन, हे मी सांगत नाही. मी झोप विचारते. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. आता तुमच्या मुलीचा हिशोब करा. सहावीची शाळा सकाळची असेल तर सहाला उठायचं. म्हणजे कमीत कमी झोप मिळायलाही नऊला डोळा लागायला हवा. तुमच्याकडे साडेनऊला ताटं मांडली जातात. रोज तास-दीड तास कमी पडतो आणि रविवारी तो भरून निघत नाही, कारण रविवारी स्पर्धा असते.

धाकट्याचं थोडं वेगळं आहे. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. तुमच्या मुलाची शाळा तसं पाळत असेल तर त्याला सकाळी थोडी सवड आहे. पण घरात ताईसाठी सहाला दिवे लागले की तोही उठतो, हे मी बऱ्याच घरांत ऐकते.

आधी झोपेची वेळ नक्की करा. त्यातून मागे मोजत जेवणाची वेळ येईल, तिथून क्लास सुटायची वेळ. त्या वेळेच्या पुढे जाणारा क्लास कितीही चांगला असला तरी या वर्षी तो तुमचा नाही. मुलीला मासिक पाळी सुरू होण्याचं वय जवळ आहे, वाढ झपाट्याने होते आहे. या दोन-तीन वर्षांत झोप आणि जेवण यांना हात लावू नका, एवढी कळकळीने विनंती.

पुण्यातून_सांगलीकर | बुधवार, सकाळी ११:००

डॉक्टर, शेवटचं वाक्य छापून फ्रिजवर लावावं असं आहे.

धागा वाचताना एक खटकतंय. सगळे ताईंना उपाय सांगताहेत, जणू गाडी आणि मुलं ही फक्त त्यांचीच जबाबदारी. ताईंच्या यजमानांची पहिली पाळी असते त्या आठवड्यात ते दुपारी तीन-साडेतीनला मोकळे होत असतील ना? माझे वडील कारखान्यातच होते. त्यांची पहिली पाळी असली की आम्हा बहिणींना पोहायला तेच न्यायचे, आणि येताना गणपती मंदिराच्या बाहेर भडंग. आईला त्या दिवशी संध्याकाळ मिळायची. वेळापत्रक आठवड्याच्या वारांवर न लावता वडिलांच्या पाळीवर लावून बघा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात क्रिकेट, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात नाही. क्रिकेटच्या सरांना हे विचित्र वाटेल. वाटू दे.

चारते_सात | बुधवार, दुपारी ३:३०

मला इथे थोडं बोलायचंच आहे. मी एकटी आई आहे. माझी मुलगी चौथीत. 'क्लास कमी करा, घर एकत्र आणा' हे वाचून पोटात गोळा येतो. एकत्र यायला घरात माणसं तर हवीत.

शाळा सुटल्यापासून मी घरी पोचेपर्यंत मुलगी कुठे असणार, हा माझा रोजचा प्रश्न आहे. पाळणाघरात चौथीतल्या मुलीला घेत नाहीत, घेतलं तरी तिला तिथे तान्ह्या मुलांत बसायचं नसतं. शेजारी रोज नाही म्हणणार नाहीत, पण रोज विचारवत नाही. मग चित्रकला आणि कराटे. दोन्ही ठिकाणी तिच्यावर लक्ष ठेवणारं मोठं माणूस आहे, यासाठी मी फी भरते. ती काय शिकते ते त्यानंतर. माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत आणि आम्हाला 'हौशी पालक' म्हटलेलं मला आवडत नाही.

मी एकच नियम पाळला. दोन्ही क्लास घरापासून ती एकटी चालत जाऊ शकेल एवढ्या अंतरावरचे निवडले. गावातला सगळ्यात नावाजलेला कराटे क्लास लांब होता, तिकडे घातलं नाही. रस्ता आधी आठवडाभर तिच्याबरोबर चालले, कुठल्या दुकानात थांबायचं, कुठल्या नाही, सगळं बोलून ठेवलं.

विश्रामबागची_आई | बुधवार, रात्री १०:०५

@चारते_सात, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहू शकले नाही. चालत जाण्याच्या अंतराचा नियम मी कधी लावलाच नव्हता, नेहमी 'चांगला क्लास कुठे' एवढंच शोधलं जातं. मनापासून धन्यवाद.

@बालरोग_मिरज, हो, मुलीची शाळा सकाळचीच. आजच पाठीमागून हिशोब मांडला. बुद्धिबळाचा क्लास सुटतो ती वेळच बसत नाही. सरांकडे अलीकडची बॅच आहे का ते विचारणार आहे.

चौसष्ट_घरं | गुरुवार, सकाळी ८:२०

बुद्धिबळावर मी लिहितो, मुलगा या चक्रातून गेला आहे.

सांगलीला बुद्धिबळाची मोठी परंपरा आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने या गावात उन्हाळी स्पर्धा रुजवल्या. भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या ठिपसे, इथल्याच. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या. स्वाती घाटेही सांगलीच्याच. त्यामुळे इथल्या पालकांना बुद्धिबळाचं वेड असणं साहजिक आहे आणि ते चांगलंच आहे.

पण स्पर्धांचं गणित समजून घ्या. जलद प्रकारातल्या एकदिवसीय स्पर्धेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या. मूल दोन फेऱ्यांच्या मध्ये बाहेर येतं, आई डबा उघडते, बाबा विचारतात "काय झालं?", मूल "हरलो" म्हणतं आणि घास तोंडातच राहतो. मग परत आत. हा दिवस मूल कसंही काढतं. बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या भावंडाला तो निघता निघत नाही. रेटिंगच्या स्पर्धा तर चार-पाच दिवस चालतात. मार्च २०२४ पासून फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, रेटिंग यादी १४०० गुणांपासून सुरू होते, त्याखाली रेटिंग राहत नाही. ते मिळवायला आणि टिकवायला पालक मुलांना गावोगाव घेऊन फिरतात.

सहावीतल्या मुलीला वर्षाला मोजक्याच स्पर्धा पुरतात, जून महिन्यात बसून निवडलेल्या. खेळ सुधारतो तो हरलेला डाव घरी परत मांडल्यावर. त्याला पट आणि अर्धा तास लागतो, समोर कुणीतरी असलं तर उत्तम. शिबिर चुकलं तर काही बिघडत नाही. पट गावाला न्या. द्राक्षबागेतही बुद्धिबळ खेळता येतं.

तासगाव_बेदाणा | गुरुवार, सकाळी १०:४०

ताई, सासर आमच्याच तालुक्यातलं म्हणून लिहितो.

आमच्या शेडवर मार्च-एप्रिलात मुलं असली की काय शिकतात ते मी बघतो. घड डिपिंगच्या (लवकर वाळावेत म्हणून औषध घातलेल्या) पाण्यात बुडवून काढायचे, जाळीवर पसरायचे, एकावर एक घड पडू द्यायचा नाही. पंधरा-एक दिवसांत हिरवा मणी कसा आक्रसत जातो ते रोज जाऊन बघायचं. माझा पुतण्या सातवीत आहे. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा का होतो, हे त्याने स्वतः वजन करून काढलं. ढग आले की ताडपत्री कुठे आहे ते त्याला आमच्याआधी माहीत असतं. आणि संध्याकाळी सगळी भावंडं शेडच्या कट्ट्यावर. चुलतभाऊ कोण, आत्याचा कोण, हे त्यांना आपोआप समजतं, समजवावं लागत नाही.

हे कुठल्या क्लासात येत नाही. आजी-आजोबा आहेत तोवर हा महिना मुलांना द्या. बाकी सगळं परत मिळतं.

सा_पासून_सा | गुरुवार, रात्री ९:१५

नाचाबद्दल दोन शब्द. मी मिरजेत गाणं शिकवते, सतारमेकरांच्या गल्लीजवळ राहते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या भागात सणासारखं वातावरण होतं.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, 'परीक्षा कधी?' प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, सगळ्यांना ही पायऱ्यांची यादी पाठ असते. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आली की दहावीला ७ गुण वाढतात, तसं गाण्याचं किती, हा दुसरा प्रश्न. गुण मिळू देत, माझी हरकत नाही. पण आठवड्यातून दोनदा तासभर क्लास आणि घरी पेटी उघडायचीच नाही, असं असेल तर ती दोन तासांची धावपळ वाया जाते. नाचाचंही तसंच. अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ हालचाली, घरी पक्के होतात, क्लासात फक्त दुरुस्त होतात.

म्हणून मी पालकांना विचारते, घरी रोज वीस मिनिटं देता येतील का? येत असतील तर आठवड्यातून एकदाच पाठवा, मी शिकवीन. येत नसतील तर तीनदा पाठवूनही मी काही करू शकणार नाही. एका ताईंनी फी अर्धी कराल का म्हणून विचारलं, केली. मुलगी आता घरी आजीसमोर बसते. आजीला गाण्यातलं कळत नाही, पण 'परत म्हण' एवढं ती म्हणते, आणि ते पुरतं.

आणि मुलांना ऐकायला न्या हो! मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाण्याची सभा होते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, तरी ही परंपरा सुटलेली नाही. घरच्या सगळ्यांनी जाऊन बसायचं. लहान मूल मांडीवर झोपलं तरी चालतं, कुणी काही बोलत नाही.

गावभागातले_आजोबा | शुक्रवार, पहाटे ५:४०

सर्वांना नमस्कार. वय वर्षे ७१. नातवाने टायपिंग शिकवले आहे, चुका असल्यास सांभाळून घ्यावे.

आमच्या लहानपणी आम्ही माई घाटावर पोहायला शिकलो. वडिलांनी कमरेला दोर बांधून पाण्यात सोडले. आज नातवंडांना मी तिथे नेणार नाही. नदीत मगरी आहेत, पाणीही तसे राहिलेले नाही. तेव्हा तलाव, फी, बॅच हे सर्व आलेच. जुन्या काळाशी तुलना करून सुनांना बोल लावू नयेत, असे मी माझ्या वयाच्या मंडळींना सांगत असतो.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठीतले पहिले नाटक याच गावात केले. ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात मी आजही जातो. आमच्या गल्लीत गणपतीत मुलांचे नाटक बसायचे. तालमी आमच्या वाड्याच्या सोप्यात. वडील पडदा रंगवायचे, आई साड्यांचे पोशाख करायची, धाकटा भाऊ पडदा ओढायचा. त्याला नाटकात काम नव्हते, पण पडदा त्याचा होता. जिन्यात बसणाऱ्या बाळाबद्दल वाचले तेव्हा हे आठवले. ताईच्या कार्यक्रमात त्यालाही काही काम मिळू शकेल का, हे नृत्यशिक्षिकेला विचारून पाहावे.

आणखी एक. ने-आण करण्यासाठी आजी-आजोबांना धरले जाते. आम्ही आनंदाने करतो. पण माझे गुडघे दुखतात हे मी मुलाला सांगितले नव्हते, कारण त्याला वाटेल बाबांना कंटाळा आला. शेवटी सुनेनेच ओळखले आणि रिक्षा लावली. तरी मोठ्यांना विचारताना "जमेल ना?" असे न विचारता "त्रास होतो का?" असे विचारावे.

माईघाट | शुक्रवार, सकाळी ९:५०

आजोबा, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सासऱ्यांनी मान हलवली आणि काही न बोलता आत गेले. संध्याकाळी त्यांच्याशी बोलणार आहे.

विश्रामबागची_आई | रविवार, रात्री ९:००

सगळ्यांचे प्रतिसाद परत परत वाचले, यजमानांनाही वाचायला दिले. काल रात्री चौघं बसून बोललो. काय ठरलं ते सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, नाच आणि बुद्धिबळ दोन्ही हवं, पण रविवारच्या स्पर्धा सगळ्या नकोत. अबॅकस? "ते मला येतं, पण मला आवडत नाही." चालू लेव्हलची फी भरलेली आहे, तेवढी संपली की थांबणार. यावर घरात एकमत नाही. यजमानांना वाटतं, एवढ्या लेव्हल झाल्या, शेवटपर्यंत जावं. मी ऐकून घेतलं, पण वेळ कुठून काढायचा याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, म्हणून थांबवायचंच असं मी ठरवलंय.

मुलाला विचारलं तर तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, क्रिकेट पप्पा येतील तेव्हाच. म्हणजे पाळीप्रमाणे क्रिकेट ही कल्पना त्याने न वाचताच मांडली. स्केटिंग या वर्षापुरतं बंद. अपार्टमेंटखाली संध्याकाळी सहा ते सात या वेळेत मुलं खेळतात तिथे तो जाणार.

परीक्षा संपली की त्याच संध्याकाळी गावाला. शिबिर सोडलं. सासूबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "पट घेऊन ये, आण्णा खेळतील तिच्याशी." मला माहीतच नव्हतं की सासरे बुद्धिबळ खेळतात.

नाचाचं मात्र अडलंय. कार्यक्रम मेअखेर आहे, तालमी महिन्याच्या सुरुवातीपासून. उशिरा आलं तर चालेल का, असं ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, समूहनृत्यातली जागा ठेवता येणार नाही, बघू. त्यांचंही बरोबर आहे, एका मुलीसाठी बाकीच्या सात जणींची रचना बदलायची कशी. मुलीने अजून काही सांगितलेलं नाही. तिला या आठवड्यात विचार करू देणार आहे.

सा_पासून_सा | रविवार, रात्री ९:४०

ताईंना विचारून मुलगी ज्या रचनेत आहे तिचं ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओ मागून घ्या. गावाला रोज वीस मिनिटं केली आणि मेच्या मध्यावर परत आली तर बहुतेक गुरू घेतात, मी तरी घेते. आणि समूहात जागा नाहीच मिळाली तर या वर्षी तिने कार्यक्रमात मागे थांबून धाकट्यांना चाळ बांधून द्यावेत, तेही शिक्षणच आहे. पण निर्णय तिचा असू द्या.

शंभरफुटी | रविवार, रात्री १०:१५

ताई, एक व्यवहाराचं. माझी मुलगीही शंभर फुटी रोडलाच नाचाला जाते, मंगळवार-गुरुवार. वर्णनावरून आपला क्लास एकच दिसतो. आम्ही विश्रामबागेतच राहतो. त्या दोन दिवशी दोन्ही मुलींना मी नेते-आणते. शनिवारी मला दुकान असतं, त्या दिवशी माझ्या मुलीला तुम्ही बुद्धिबळाला न्याल का? कॉलेज कॉर्नरलाच जाते ती.

विश्रामबागची_आई | रविवार, रात्री १०:२५

हो, नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. जूनपासून नको, या मंगळवारपासूनच सुरू करूया का?

शंभरफुटी | रविवार, रात्री १०:३०

चालेल. मुलीचं हेल्मेट तेवढं तिच्याबरोबर पाठवा. माझ्याकडे एकच जादा आहे आणि ते मोठ्या माणसाच्या मापाचं आहे.